घरातील हवा, ओल आणि वायुवीजन : गृहनिर्माण धोरणाचा दुर्लक्षित घटक

हवेच्या प्रदूषणाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने उंबरठ्याबाहेरच्या हवेपुरता मर्यादित राहिला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अधिसूचित केलेली राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानके बारा प्रदूषकांना लागू होतात. परंतु ती परिसरातील मोकळ्या हवेची मानके आहेत, स्वयंपाकघरातील हवेची नव्हेत. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमही शहरांच्या मोकळ्या हवेचेच लक्ष्य समोर ठेवतो. वस्तुतः गृहिणी, तान्ही मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्या दिवसाचा फार मोठा भाग चार भिंतींच्या आत जातो. ज्यांची सहनशक्ती सर्वांत कमी, तेच घरातील हवा सर्वाधिक वेळ श्वासावाटे घेतात.

या दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. २०१९ या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणाशी निगडित मृत्यूंची संख्या सुमारे १६.७ लाख होती, असा अंदाज डिसेंबर २०२० मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ६.१ लाख मृत्यूंचा संबंध घरगुती इंधनाच्या धुराशी जोडण्यात आला. प्रदूषणजन्य अकाली मृत्यू आणि आजारपण यांमुळे होणारी उत्पादनाची हानी स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या १.३६ टक्के असल्याचेही याच अभ्यासात म्हटले होते. घरगुती धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर १९९० ते २०१९ या काळात सुमारे ६४ टक्क्यांनी घटला, ही त्यातील आशादायक बाजू. मात्र धूर हा घरातील हवेच्या प्रश्नाचा केवळ एक भाग आहे. ओल, बुरशी, कोंदटपणा आणि हवेतून पसरणारे संसर्ग हे त्याचे उरलेले भाग असून, त्यांची नोंद आपल्या विकासविषयक आकडेवारीत क्वचितच आढळते.

मात्रेचा हिशेब

१९८० च्या दशकाच्या आरंभी किर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील काही खेड्यांत चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रियांच्या श्वसनक्षेत्रातील धुराचे मोजमाप केले. विकसनशील देशांतील ग्रामीण घरांच्या हवेचा अभ्यास खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला असे मानले जाते. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या स्मिथ यांनी एक साधा ठोकताळा मांडला : घरात सोडलेला प्रदूषक कोणाच्या तरी फुप्फुसात जाण्याची शक्यता, तोच प्रदूषक बाहेर उंचावर सोडला असता असणाऱ्या शक्यतेपेक्षा सुमारे हजारपट अधिक असते. म्हणजे उत्सर्जनाचा आकडा आणि प्रत्यक्ष मात्रेचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्याचे धुराडे टनावारी धूर सोडते, तर चूल किलोवारी. तरीही आरोग्याच्या हिशेबात चुलीचा धूर भारी पडू शकतो. परीक्षेच्या दृष्टीने विद्यार्थ्यांनी ‘उत्सर्जन’, ‘संहती’ आणि ‘प्रत्यक्ष संपर्क’ या तीन संज्ञांमधील भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण धोरणांतील बराच गोंधळ या तिन्हींची सरमिसळ झाल्याने निर्माण होतो.

वायुवीजनाचे मोजमाप ‘ताशी हवाबदल’ या एककाने करतात. दहा चौरस मीटर क्षेत्रफळाच्या आणि तीन मीटर उंचीच्या खोलीत तीस घनमीटर हवा मावते. तासाभरात तेवढीच ताजी हवा आत आली तर तो एक हवाबदल होय. प्रदूषक एकाच गतीने निर्माण होत असेल, तर खोलीतील त्याची अंतिम संहती हवाबदलाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून हवाबदल एकावरून दोनवर नेला की घरात निर्माण झालेल्या प्रदूषकाची संहती निम्म्यावर येते; पण दहावरून अकरावर नेला, तर ती केवळ नऊ टक्क्यांनी घटते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम सहज ओळखता येईल. त्याचा धोरणात्मक अर्थ असा की, वायुवीजनावर खर्च होणाऱ्या रुपयाचा सर्वाधिक लाभ सर्वांत कोंदट घरांत मिळतो. प्रत्यक्षात मात्र हवा शुद्ध करणाऱ्या उपकरणांवरील खर्च, सुस्थित कुटुंबे आधीच मोकळ्या असलेल्या घरांवर करतात. बाजारयंत्रणेकडून याहून वेगळी अपेक्षाही करता येणार नाही.

याच सूत्राची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चुलीपाशी सूक्ष्म धूलिकणांची संहती घनमीटरमागे हजार मायक्रोग्रॅम असेल, तर हवाबदल दुप्पट करूनही ती पाचशेवर राहते. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शक मूल्य पीएम २.५ साठी वार्षिक सरासरी ५, तर आपले राष्ट्रीय मानक ४० मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा खिडकी मोठी केल्याने चुलीच्या धुराचा प्रश्न सुटेल, ही समजूत बाजूला ठेवली पाहिजे. धुरावर पहिला उपाय इंधनबदल हाच. याउलट ओल, कोंदटपणा आणि संसर्ग यांवर इंधनबदलाचा इलाज चालत नाही. तेथे वायुवीजनच कामी येते.

चुलीकडून सिलिंडरकडे

धूर कमी करण्याचा आपल्याकडील पहिला मोठा प्रयत्न म्हणजे १९८३-८४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम. २००२ मध्ये केंद्राने तो आटोपता घेतला, तोवर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती. त्यांतील किती टिकल्या, हा प्रश्न निराळा. ओडिशातील सुमारे २,६०० कुटुंबांचा रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुधारित चुलीमुळे पहिल्या वर्षी श्वासातील धूर कमी झाला; पुढील वर्षांत तो परिणाम नाहीसा झाला. कुटुंबांनी चुली नियमित वापरल्या नाहीत, धुराड्याची साफसफाई व डागडुजी केली नाही, आणि वापर उत्तरोत्तर घटत गेला. प्रयोगशाळेतील कार्यक्षमता आणि घरातील उपयोग यांतील हे अंतर विकासाच्या अनेक क्षेत्रांत दिसते.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. आठ कोटी जोडण्यांचे लक्ष्य सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये महोबा येथून दुसरा टप्पा सुरू झाला, आणि २०२४ पर्यंत लाभार्थी जोडण्यांची संख्या दहा कोटींवर गेली. २०११ च्या जनगणनेत स्वयंपाकाचे मुख्य इंधन म्हणून एलपीजी वापरणारी कुटुंबे २८.५ टक्के होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाले. शहरी भागात ते ८९.७, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्के होते.

जोडणी आणि वापर या दोन गोष्टींची गल्लत मात्र होऊ नये. उज्ज्वला लाभार्थ्यांचा दरडोई, म्हणजे दर जोडणीमागे, सरासरी वापर २०१९-२० मध्ये वर्षाला ३.०१ सिलिंडर होता. २०२३-२४ मध्ये तो ३.९५ वर पोहोचला. केवळ गॅसवर सर्व स्वयंपाक करणाऱ्या मध्यम आकाराच्या कुटुंबाला याच्या दुप्पट तरी सिलिंडर लागतात. गॅस आणि चूल यांचा एकत्रित वापर, ज्याला अभ्यासक ‘इंधनांची चळत’ म्हणतात, तो यामागे आहे. सरपण वेचून आणणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला घराच्या अंदाजपत्रकात शून्य किंमत असते, सिलिंडरला मात्र रोख पैसे मोजावे लागतात. आणि रोख खर्चाचा निर्णय अनेकदा ती घेत नाही. मे २०२२ पासून प्रति सिलिंडर २०० रुपयांचे आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपयांचे लक्ष्याधारित अनुदान देण्यात आले, त्यामागील तर्क हाच होता.

तमिळनाडूसह ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मोफत गॅस मिळालेल्या स्त्रियांच्या श्वासातील सूक्ष्म कण सुमारे दोन तृतीयांशाने घटले, परंतु बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. इंधनबदल निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. तथापि एकाच उपायावर सर्व अपेक्षांचा भार टाकू नये, एवढे त्यातून निश्चित कळते. गॅस आल्यानंतरही घरात उदबत्ती, तंबाखूचा धूर, फोडणीचा धूर आणि डासांची कॉइल राहतेच. एक कॉइल जळताना सुटणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे २००३ मधील एका अभ्यासात आढळले होते. बंद खोलीत रात्रभर जळणाऱ्या कॉइलचा विचार या आकड्याच्या प्रकाशात करावा.

ओल कोठून येते?

घरातील ओलीचे तीन मार्ग आहेत. जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते आणि पायाशी लोणा लागतो; पावसाचे किंवा गळक्या नळांचे पाणी भिंतीत, छतात झिरपते; आणि घरातील हवेत साठलेली वाफ थंड पृष्ठभागावर जमते. पहिल्या दोहोंवर उपाय बांधकामाचे आहेत : जोत्याची पुरेशी उंची (राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सभोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर), ओलरोधक थर, छज्जे, पागोळ्यांची योग्य रचना. जोते बुटके असेल तर कितीही खिडक्या उघडून भिंत कोरडी होणार नाही. तिसऱ्या मार्गाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

एलपीजी हा हायड्रोकार्बन आहे. एक किलो गॅस जळाला की दीड किलोहून थोडी अधिक पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघरात येते. प्रत्येक माणूस श्वास आणि घाम यांवाटे दिवसाकाठी साधारण एक लिटर पाणी हवेत सोडतो. पावसाळ्यात घरातच वाळणाऱ्या कपड्यांतून आणखी दोनतीन लिटर येते. आता दुसऱ्या बाजूला खोलीची क्षमता पाहा. २७ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा अधिकाधिक २६ ग्रॅम वाफ धरू शकते. तीस घनमीटरच्या खोलीतील सर्व हवा पाऊण लिटरच्या आसपास. पाच माणसांच्या एका खोलीच्या घरात रोज सात-आठ लिटर पाणी हवेत मिसळत असेल, तर ते बाहेर तरी गेले पाहिजे, नाहीतर भिंती, गाद्या, कपाटामागची बाजू यांत मुरले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

भिंतीच्या पृष्ठभागापाशी सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या आसपास राहिली की बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनविकार, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावण्याचा धोका अधिक असतो, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होता.

खिडकी उघडल्याने ओल नेहमीच कमी होते का? याचे उत्तर हवामानावर अवलंबून आहे. दिल्लीत जानेवारीतील धुक्याच्या सकाळी बाहेर ८ अंश तापमान आणि शंभर टक्के आर्द्रता असली, तरी त्या हवेत घनमीटरमागे जेमतेम ८ ग्रॅम वाफ असते. ती आत येऊन १८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५४ टक्क्यांवर उतरते. म्हणजे बाहेरची ‘दमट’ हवा घर कोरडे करते. याउलट कोकण, गोवा किंवा केरळच्या किनाऱ्यावर जुलैमधील बाहेरची हवाच घनमीटरमागे २२-२३ ग्रॅम वाफ घेऊन येते. तेथे वायुवीजनाने घर वाळत नाही, केवळ आतली वाफ साचत नाही. म्हणून तेथे पंख्याने हवा खेळती ठेवणे, सामान भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे आणि पाऊस ओसरल्यावर घराला भरपूर ऊन-वारा देणे, हे जुने उपाय शास्त्राला धरून आहेत. वातानुकूलन यंत्र हवेतील वाफ काढते. परंतु घरगुती स्प्लिट यंत्रे बहुधा खोलीतीलच हवा फिरवत राहतात. ताजी हवा ती आणत नाहीत.

थंड प्रदेशांत याहून गंभीर पेच उभा राहतो. काश्मीरमध्ये कांगडी किंवा बुखारी पेटवून दारे-खिडक्या घट्ट लावल्या जातात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला त्याची जाग येत नाही. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरमुळे मैदानी शहरांतही असेच मृत्यू घडतात. गिझर बाहेरच्या मोकळ्या भागात बसवणे आणि न्हाणीघराची झडप कायम उघडी राहील अशी व्यवस्था करणे, एवढ्याने ते टळू शकतात.

मोजले जाते ते क्षेत्रफळ

हवा आणि घरे यांचा संबंध आपल्या प्रशासनाला नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळाची स्थापना झाली. रोगाचे मूळ पिसवांत आहे हे तोवर पुरेसे मान्य झाले नव्हते. अंधाऱ्या, कोंदट चाळींना दोष दिला जात होता. निदान अपुरे असले, तरी त्यातून निघालेला एक नियम मोलाचा होता. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी हिरिरीने पुरस्कारलेल्या या नियमानुसार, खोलीच्या बाह्य भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात काढलेल्या रेषेवर समोरची इमारत आड येता कामा नये. साध्या भाषेत, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी मोकळे अंतर हवे.

शंभर वर्षांनंतर त्याच शहरात काय घडले? गोवंडी-मानखुर्द परिसरातील नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईतील संशोधक यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. पहिल्या दोन वसाहतींत सात-आठ मजली इमारतींमधील अंतर काही ठिकाणी अवघे तीन मीटर होते. जुन्या नियमाने ते दहा मीटरहून अधिक भरले असते. या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या पीएमजी कॉलनीपेक्षा बरेच अधिक आढळले, आणि त्याचा संबंध अपुऱ्या सूर्यप्रकाशाशी व वायुवीजनाशी दिसून आला. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे खरे. कुपोषण, दाटी, पूर्वीची वस्ती यांचाही त्यात वाटा असणार. परंतु क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, आणि न बदलणाऱ्या हवेत ते तासन्‌तास तरंगत राहू शकतात, याविषयी वैद्यकात दुमत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे चूक एखाद्या वास्तुविशारदाची नाही. ती प्रोत्साहनांच्या रचनेची आहे. पुनर्वसनातील घराचे क्षेत्रफळ कायद्याने निश्चित असते : पूर्वी २२५, नंतर २६९ आणि आता मुंबईत ३०० चौरस फूट. विकासकाला मिळणारा चटईक्षेत्र निर्देशांक याच आकड्याशी बांधलेला असतो. क्षेत्रफळ मोजले जाते, म्हणून ते मिळते. हवा मोजली जात नाही, आणि इमारतींमधील प्रत्येक मीटर मोकळी जागा म्हणजे विक्रीयोग्य बांधकामाचा त्याग असतो. घर मिळणाऱ्याला निवडीला वाव नाही. भाडेकरूच्या बाबतीत खिडकीचा खर्च मालकाचा आणि लाभ भाडेकरूचा, म्हणून तीही होत नाही. माहितीची विषमता, बाह्य परिणाम आणि विभागलेले प्रोत्साहन ही बाजाराच्या अपयशाची तिन्ही पाठ्यपुस्तकी कारणे एका खिडकीत एकवटलेली दिसतात.

नियम आहेत. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दारे वगळून वायुवीजनाच्या झडपांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत उष्ण-कोरड्या प्रदेशात एक दशांश, उष्ण-दमट प्रदेशात एक षष्ठांश, मध्यम हवामानात एक अष्टमांश आणि थंड प्रदेशात एक द्वादशांश असावे. स्वयंपाकघराला बाहेर उघडणारी किमान एक चौरस मीटरची खिडकी असावी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘इको-निवास संहिते’नेही उघडता येणाऱ्या भागाची जवळपास हीच प्रमाणे हवामान विभागांनुसार टक्क्यांत घालून दिली. सरकत्या दोन तावदानांच्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, हे त्यात स्पष्टपणे हिशेबात धरले आहे. खिडकीचे माप आणि खिडकीतून येणारी हवा यांतील हा फरक अनेक आराखड्यांत विसरला जातो.

तथापि राष्ट्रीय इमारत संहिता आपोआप बंधनकारक नाही. जमीन हा राज्यसूचीतील विषय असून इमारतींचे नियमन बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांच्या कार्यकक्षेत येते. राज्यांनी व स्थानिक संस्थांनी आपल्या उपविधींत समाविष्ट केल्यावरच संहितेला बळ येते. इको-निवास संहितेचा पहिला भाग तर ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी प्रकल्पांसाठी होता. खेड्यातले घर आणि शहरातली झोपडी दोन्ही या जाळ्याबाहेर राहतात.

खेड्यातील घर बदलत आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. मराठवाडा-विदर्भातील धाब्याच्या घरांना धूर आणि उजेडासाठी छतात साणे ठेवलेले असे. कौलारू छपरातून तर हवा आपसूक निसटे. उष्ण हवा वर जाते, हा नियम त्या रचनेने वापरला होता. त्याजागी काँक्रीटचा सपाट स्लॅब आला. तो गळत नाही, चोरापावसापासून रक्षण करतो, आणि लोकांना तोच हवा असतो, हे रास्तच आहे. पण साणे गेले आणि त्याच्या जागी काही आले नाही. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण अंतर्गत घराचे किमान क्षेत्रफळ पूर्वीच्या २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाच्या जागेचा अंतर्भाव झाला. ग्रामविकास मंत्रालयाने स्थानिक हवामानाला अनुरूप घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ हा संग्रहही तयार करवून घेतला. उष्ण-दमट प्रदेशातील २५ चौरस मीटरच्या घराला संहितेनुसार चार चौरस मीटरहून थोडी अधिक झडप लागते. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या आणि छतालगत दोनतीन झरोके एवढ्याने ती सहज भरून निघते. खालच्या खिडकीतून थंड हवा आत आणि वरच्या झरोक्यातून उष्ण हवा बाहेर, असा प्रवाह विजेशिवाय चालू राहतो.

या घरांच्या बांधकामाची पाया, जोते, खिडकीचा उंबरठा, लिंटेल, छत अशा टप्प्यांवर स्थाननिश्चितीसह छायाचित्रे घेतली जातात आणि अनुदानाचे हप्ते टप्प्यांशी जोडलेले असतात. भिंत लिंटेलपर्यंत आलेली असताना झरोक्यासाठी जागा सोडण्याला विटा वाचवण्यापलीकडे जवळपास काहीच खर्च नाही. स्लॅब पडल्यानंतर तीच जागा फोडून काढायची तर गवंडी, गिलावा आणि गळतीचा धोका. त्या छायाचित्राबरोबर झडपांचे माप नोंदवण्यास नवी योजना लागत नाही, की नवी यंत्रणाही.